नाळ, माती आणि खोलीभाडं

डिसेंबर उजाडला की बडोद्यात परदेशातली मंडळी यायला लागतात आणि पाठोपाठ सत्कारांचा हंगाम सुरू होतो. सत्कारमूर्ती डॉक्टर किंवा इंजिनियर असेल तर भाषण कौतुकाचं होतं. चित्रकार, शिल्पकार किंवा गायक असेल तर मात्र अध्यक्षांना उपदेशाची उबळ येते. तुम्ही तिकडे नाव काढलंत, आनंद आहे, पण मातीशी नाळ तुटू देऊ नका. कलावंत शेवटी आपल्या मातीतच फुलतो. टाळ्या पडतात. मग चहाच्या वेळी तेच भाषण मोकळ्या भाषेत ऐकू येतं. गेले डॉलर मोजायला, तिकडे ऐष चालली आहे, कामात आता पूर्वीचा राम उरला नाही, आणि एवढंच प्रेम असेल तर परत का येत नाहीत?

दुसऱ्या एखाद्या गावानं हे म्हटलं असतं तर कानाआड केलं असतं. बडोद्यानं म्हणावं, आणि त्यातही बडोद्याच्या मराठी माणसानं म्हणावं, हे अति झालं. कलावंत माती बघून मुक्काम ठरवत नाही, सोय बघून ठरवतो. सोय म्हणजे ऐष नव्हे. काम करायला जागा, महिन्याच्या महिन्याला थोडी मिळकत, लागेल ते साहित्य आणि केलेलं काम लक्ष देऊन बघणारी चार माणसं, एवढीच ती सोय. बडोदं ती देत होतं तेव्हा लांबलांबचे लोक बडोद्याला येत होते. आज ती जिथे मिळते तिथे बडोद्याचे लोक जातात. मातीचं भाषण ही सोय न करता मोकळं होण्याची युक्ती आहे, आणि ती आता उघडी पडायला हवी.

आधी मातीचाच हिशेब घेऊ. बडोद्याची चित्रकला म्हटलं की पहिलं नाव निघतं राजा रविवर्मांचं. ते त्रावणकोरातल्या किळिमानूरचे, घरची भाषा मल्याळम. १८८१ साली सयाजीरावांना राज्याधिकार मिळाले त्या सुमारास ते इथे आले आणि राजघराण्यातली व्यक्तिचित्रं करून गेले. पुढे १८८८ मध्ये त्यांना चौदा पौराणिक चित्रांचं काम मिळालं. त्यासाठी भावाला बरोबर घेऊन त्यांनी उत्तर हिंदुस्थान पालथा घातला. त्यांच्या पौराणिक नायिका कित्येकदा आपल्या पद्धतीची नऊवारी नेसलेल्या दिसतात. आपल्या आज्यांनी ज्या लक्ष्मीला आणि सरस्वतीला फ्रेम करून देवघरात लावलं, ती त्यांच्या छापखान्यातली. मराठी घरातल्या देवीचा चेहरा ठरवला केरळातल्या माणसानं. तेव्हा मातीचा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

त्याच राजघराण्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात ऑगस्टो फेलिची या इटालियन शिल्पकाराची ब्राँझची, संगमरवराची आणि टेराकोटाची कामं आजही उभी आहेत. फेलिचींच्या दृष्टीनं बडोदं म्हणजे परदेश. इथला उन्हाळा, इथलं पाणी, न कळणारी भाषा हे सगळं सोसून ते कामाला राहिले, कारण काम होतं आणि कामाचे पैसे मिळत होते. १८८६ साली सुरू झालेल्या गायनशाळेचे मौला बक्ष इथले नव्हते. ज्यांच्या गाण्यावर या शहरानं पुढची चाळीस वर्षं मान ताठ ठेवली, ते फैयाज खाँ आग्र्याकडचे. १९५० साली त्यांनी डोळे मिटले ते मात्र बडोद्यात. बडोदा संग्रहालयाला शिस्त लावली हर्मन गोएट्झ या जर्मनीतून बाहेर पडलेल्या कलेतिहासकारानं. १९५० मध्ये सुरू झालेल्या, विद्यापीठाच्या ज्या फाइन आर्ट्सचा आपण उठता-बसता अभिमान बाळगतो, तिथले नारायण श्रीधर बेंद्रे मूळचे इंदूरचे, आणि के. जी. सुब्रमण्यन आले केरळातून शांतिनिकेतनमार्गे. या यादीतून मूळ बडोद्याचा माणूस शोधून काढायचा म्हटलं तर घाम फुटेल.

आणि आपण स्वतः? गायकवाडांनी बडोदं कायमचं घेतलं १७३४ मध्ये. तेव्हापासून आपण मराठी माणसं परमुलखात आहोत. दांडिया बाजारात नि रावपुऱ्यात आपण जवळजवळ तीनशे वर्षं राहिलो, गणपती बसवले, नाटकं केली, सकाळी सेव-उसळ आणि सणाला पुरणपोळी खाल्ली, बाजारात गुजराती आणि घरात मराठी बोललो. यात आपली नाळ तुटली असं आपल्याला एकदाही वाटलं नाही. उलट दोन्हीकडचं मिळालं म्हणून आपण पुण्याच्या पाहुण्यांपुढे जरा मिरवतोच. मग हीच गोष्ट लंडनला किंवा टोरांटोला गेलेल्या मुलानं केली की तो मुळापासून उखडला, हे कुठलं गणित?

खुद्द सयाजीराव नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, दत्तक येऊन बडोद्याचे झाले. १८८७ पासून त्यांनी युरोपच्या वाऱ्या सुरू केल्या, आणि ग्रंथालयं, शाळा, संग्रहालय यांतल्या कितीतरी कल्पना त्या वाऱ्यांत पाहिलेल्या-पारखलेल्या. हा राजा फार वेळ परदेशात असतो, ही तक्रार त्या काळीही होती. ती करणाऱ्यांत ठळक नाव लॉर्ड कर्झनचं. १९०० साली संस्थानिकांच्या परदेशवाऱ्यांना आळा घालणारं परिपत्रक त्यानं काढलं तेव्हा त्याचा रोख सगळ्यात जास्त गायकवाडांवर होता. आमच्या नाळवादी वक्त्यांनी आपण कुणाच्या पंगतीला बसलो आहोत ते एकदा पाहून घ्यावं.

आता ऐषेकडे येऊ. मौला बक्षांचा नातू इनायत खान ५ जुलै १८८२ रोजी याच शहरात जन्मला, गायनशाळेच्या घरात वाढला. १३ सप्टेंबर १९१० रोजी घरातल्या भावंडांना घेऊन तो अमेरिकेला निघाला. तिथे या मंडळींच्या वाट्याला काय आलं? १९११ मध्ये रूथ सेंट डेनिस या नर्तकीच्या दौऱ्यावर साथ. तिचे नाच पौर्वात्य थाटाचे. लोक तिकीट काढत ते नाच बघायला, आणि वीणा-गाणं होतं ते त्या नाचाला हिंदुस्थानी रंग चढावा म्हणून. लहानपणापासून ज्यानं रागाचा एकेक स्वर घोटून घेतला, त्याला समोर एकही जाणता कान नसताना रोज रात्री रंगमंचावर बसायचं होतं. पुढे लंडन, पॅरिस, आणि १९१३ च्या अखेरीला मॉस्को. मॉस्कोत गाणं कुठे, तर मॅक्सिम नावाच्या नाइट क्लबात, खाण्यापिण्याच्या गलबल्यात. १ जानेवारी १९१४ रोजी मॉस्कोतच त्याची मुलगी नूर जन्मली, जी पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांची गुप्त रेडिओ ऑपरेटर म्हणून फ्रान्समध्ये उतरली आणि दाखाऊच्या छळछावणीत मारली गेली. पहिलं महायुद्ध पेटल्यावर हे कुटुंब लंडनमध्ये ओढगस्तीत राहिलं. याला ऐष म्हणायचं असेल तर शब्दकोश नव्यानं छापावे लागतील.

हे जुनं झालं म्हणाल तर आजचं सांगतो. फाइन आर्ट्समध्ये प्रिंटमेकिंग शिकून गेलेली माझ्या ओळखीतली एक मुलगी इंग्लंडात आहे. इचिंगची प्रेस तिला सामायिक वर्कशॉपमध्ये दिवसाच्या भाड्यानं मिळते, आणि आठवड्याचे दोनच दिवस परवडतात. त्या दोन दिवसांतला एक तासही वाया जाऊ नये म्हणून आदल्या रात्री स्वयंपाकाच्या ओट्यावर तयारी चालते: कागद भिजवायचे, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वर वजन ठेवायचं, म्हणजे सकाळपर्यंत ओल सगळीकडे सारखी मुरते. प्लेटच्या कडा कानशीनं घासून ठेवायच्या, नाहीतर दाबाखाली कागद फाटतो. उरलेले दिवस ती फ्रेमच्या दुकानात दुसऱ्यांच्या चित्रांचे माउंट कापते आणि शनिवारी मुलांचा चित्रकलेचा वर्ग घेते. तयार झालेल्या प्रिंट पलंगाखाली सपाट पसरलेल्या, कारण गोदामाला भाडं पडतं. व्हिसाची तारीख फ्रिजवर चिकटवलेली. इकडे आपल्या व्हॉट्सॲपवर फोटो येतो तो वर्षातून एकदा झालेल्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाचा, हातात ग्लास घेतलेला. आपण तो बघून “मजा आहे बुवा” म्हणतो आणि पुढच्या फोटोकडे जातो.

तिसरा आरोप कामाचा: तिकडे गेल्यावर काम परकं होतं. याला बडोद्यातच तीन उत्तरं आहेत आणि तिन्ही शेजारपाजारची आहेत.

पहिलं भूपेन खख्खर. मुंबईत जन्मले, १९६२ मध्ये बडोद्याला आले, आणि कारखान्यात अर्धवेळ हिशेबनीस म्हणून नोकरी करत चित्रं काढत राहिले. १९७२ चं ‘जनता वॉच रिपेअरिंग’ बघा. घड्याळजी आपल्या टपरीत बसलेला आहे. असा माणूस आपण रोज बघतो आणि कधीच बघत नाही. खख्खरांनी त्याला चित्रातलं मानाचं आसन दिलं. १९७९ मध्ये ते काही महिने इंग्लंडात, बाथच्या कलाशाळेत शिकवायला गेले. तिथे त्यांनी काय रंगवलं? पबमध्ये एकटा बसलेला एक गोरा गृहस्थ, आणि बाजूच्या लहान चौकटींत त्याचं घरातलं एकलकोंडं जगणं. म्हणजे डोळा तोच. बडोद्यात जो घड्याळजीजवळ थबकला तोच तिकडे या गृहस्थाजवळ थबकला. परतल्यावर १९८१ मध्ये त्यांनी ‘यू कान्ट प्लीज ऑल’ केलं. बाप, लेक आणि गाढव यांची जी गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली, ती त्या चित्रात चालू आहे, आणि गच्चीतून एक उघडा माणूस ती बघतो आहे. बाप बसला तरी लोक बोलणार, लेक बसला तरी बोलणार, गाढव खांद्यावर घेतलं तरी बोलणारच. परदेशी गेला तर नाळ तोडली, राहिला तर बाहेर कुणी विचारलं नसेल. हे चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे आणि २०१६ मध्ये तिथल्या खख्खरांच्या मोठ्या प्रदर्शनाला त्याचंच नाव दिलं होतं.

दुसरं उत्तर गुलाममोहम्मद शेख. सुरेंद्रनगरचे, शिकले बडोद्यात, १९६३ ते १९६६ लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये. आपल्याच मुलखातली मोगल आणि राजपूत लघुचित्रं त्यांना जवळून, मनसोक्त बघायला मिळाली ती तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात. हे लाजिरवाणं आहे खरं, पण ती लाज बघायला गेलेल्या विद्यार्थ्याची नव्हे. परत आल्यावर १९६९ ते १९७३ या वर्षांत त्यांनी जे चित्र केलं त्याचं नावच ‘रिटर्निंग होम आफ्टर अ लाँग ॲब्सेन्स’. त्यात त्यांची आई आहे, मोहल्ला आहे आणि वर आभाळात लघुचित्रांतून उतरलेली मंडळी आहेत. लंडनला गेले नसते तर घर असं दिसलं असतं का, हा प्रश्न नाळवाद्यांनी स्वतःला विचारावा. पुढे १९८१ ते १९८४ मध्ये त्यांनी ‘सिटी फॉर सेल’ रंगवलं. हे आपलं बडोदं: एकीकडे ‘सिलसिला’ बघणारी गर्दी, दुसरीकडे दंगल. इतकं नेमकं, इतकं बोचरं बडोदं इथेच आयुष्य काढलेल्या किती जणांनी रंगवलं?

तिसरं ध्रुव मिस्त्री. कंजरीचे, फाइन आर्ट्समधून १९८१ मध्ये रॉयल कॉलेजला गेले, १९९१ मध्ये रॉयल अकॅडमीवर निवडून आले. १९९३ मध्ये बर्मिंगहॅमच्या व्हिक्टोरिया स्क्वेअरमध्ये त्यांची शिल्पं बसली: कारंज्यात पहुडलेली ब्राँझची विशाल स्त्री आणि चौकाच्या कडेला दगडाचे दोन राखणदार, अर्धे माणूस आणि अर्धे पशू. आपल्या देवळांच्या दारांशी लहानपण गेलेल्याला ते पाहुणे वाटणार नाहीत. गावकऱ्यांनी त्या स्त्रीची भरपूर थट्टा केली, तिला टोपणनाव ठेवलं. पण शहराचा मधला चौक एका गुजराती शिल्पकाराच्या हाती दिला, हेही तितकंच खरं. आपल्या शहरातले पुतळे कसे ठरतात, कोण ठरवतं आणि शिल्पकाराला त्यात किती विचारलं जातं, हे इथे लिहीत बसत नाही.

आता प्रतिपक्षाचा जो मुद्दा खरा आहे तो मान्य केला पाहिजे. परदेशात कलावंताला किंमत द्यावी लागते, आणि कधी ती फार मोठी असते. इनायत खानांचंच घ्या. पुढे त्यांच्याकडे लोक गाण्यासाठी येईनासे झाले, सूफी विचार ऐकायला येऊ लागले. त्यांनी ती वाट धरली आणि वीणा बाजूला ठेवली. बडोद्याच्या घराण्यातला एक गुणी वादक संगीताला अंतरला, हा तोटा आहेच. समोरच्या श्रोत्याला जे हवं तेच विकावं लागणं, ‘हिंदुस्थानी’ दिसण्याचा पोशाख कामालाही चढवावा लागणं, हा परदेशातला खरा जाच आहे. पण हा जाच अंतरानं होत नाही, पैसे कोण देतो आणि ऐकतो कोण यानं होतो. त्याचं घरगुती रूप आपल्याकडे नाही का? फाइन आर्ट्स शिकलेल्या किती जणांना आपण दिवाणखान्याच्या सोफ्याला जुळणारं चित्र, वाडवडिलांचं फोटोवरून पोर्ट्रेट आणि गणपतीची मूर्ती यापलीकडे काही मागितलं? शिवाय इनायत खान गेले ते बडोद्यातून थेट अमेरिकेला नव्हे. आधी हैदराबाद, मग कलकत्ता, आणि मग समुद्रापार. बडोद्यानं त्यांना धरून ठेवलं नव्हतं.

राहिला शेवटचा सवाल: परत का येत नाहीत? परत आलेले बरेच आहेत. शेख आले आणि फाइन आर्ट्समध्ये शिकवू लागले. खख्खर आले, कारण घर, मित्र आणि चित्राचे विषय इथे होते. मिस्त्री १९९७ मध्ये आले आणि पुढे तिथेच डीन झाले. यातलं कुणी सत्काराच्या भाषणानं परतलेलं नाही. त्यांना येण्यासारखं काहीतरी इथे होतं.

पण परत या असं म्हणणाऱ्या शहरानं परतणाऱ्यांचं स्वागत कसं केलं तेही बघावं. याच राज्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये एक तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला आणि करारानुसार १९१७ मध्ये नोकरीला परत आला. तो चित्रकार नव्हता, पण ‘परत का येत नाही’ या प्रश्नाचं उत्तर त्याच्याइतकं उघडं कुणाच्या बाबतीत दिसलं नाही. भीमराव आंबेडकरांना बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही. जात लपवून पारशी धर्मशाळेत राहिले, तिथूनही हाकलले गेले, आणि कमाटीबागेत झाडाखाली बसून पुढचा विचार करावा लागला. महाराजांनी शिकवण्याची सोय केली होती, शहरानं राहण्याची केली नाही. आज त्या जागेला आपण हार घालतो. हार घालणं सोपं असतं.

आणि हे फार जुनं म्हणायची सोय नाही. मे २००७ मध्ये फाइन आर्ट्सच्या वार्षिक परीक्षेसाठी मांडलेल्या कामावर जमाव चालून आला. विद्यार्थ्याला अटक झाली, आणि त्याची बाजू घेणाऱ्या प्रभारी डीनना निलंबित केलं गेलं. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर पोलीस आले असा हा प्रकार. त्या आठवड्यात माती, नाळ, संस्कृती यांवर बोलणारे आमचे वक्ते कुठे होते? मकबूल फिदा हुसेन जन्मले पंढरपुरात, तरुणपणी काही काळ बडोद्याच्या मदरशात राहिले, तिथे अक्षरलेखन शिकले. २००६ मध्ये देश सोडावा लागला आणि २०११ मध्ये लंडनमध्ये मरण आलं. पंढरपूरच्या माणसाला नव्वदी ओलांडल्यावर परदेशी मरायला लावणाऱ्यांनी दुसऱ्यांना नाळ शिकवू नये.

कुणी म्हणेल, सयाजीरावांकडे तिजोरी होती, आमच्याकडे काय आहे? पण फाइन आर्ट्स उभी राहिली ती संस्थान विलीन झाल्यावर, हंसा मेहता कुलगुरू असताना, मास्तरांच्या पगारांवर आणि विद्यापीठाच्या खोल्यांवर. खख्खरांना वेळ मिळाला तो एका कारखान्यानं हिशेबाचं अर्ध्या दिवसाचं काम दिलं म्हणून. सोय करायला राजा लागत नाही. दांडिया बाजारात नि आसपास कितीतरी जुने वाडे कुलूप लावून पडले आहेत, वारसांचे वाद चालू आहेत, तोवर दोन खोल्या स्टुडिओला द्यायला काय हरकत आहे? आमच्या संस्थांचे हॉल वर्षातून किती दिवस रिकामे असतात ते विश्वस्तांना विचारा. एका प्रिंटची किंमत बहुतेक वेळा एका साध्या लग्नातल्या आहेरापेक्षा कमी असते, तरी आहेर नियमानं जातो आणि प्रिंट एकही विकत घेतली जात नाही. दरवर्षी उन्हाळ्यात फाइन आर्ट्सच्या पुष्पबागेतल्या वार्षिक मांडणीला जाऊन अर्धा दिवस चित्रांसमोर उभं राहायला पैसेही लागत नाहीत.

दरवर्षी जूनमध्ये फाइन आर्ट्समधून बाहेर पडलेली मुलं गाव सोडतात, कुणी दिल्लीला, कुणी बंगळुरूला, कुणी परदेशी. त्यातल्या पाच जणांना आपल्या एखाद्या ट्रस्टनं वर्षभर खोली, सामायिक प्रेस आणि पोटापुरतं मानधन द्यावं, आणि वर्षाअखेरी त्यांचं काम आपल्याच हॉलमध्ये लावावं. त्यानंतरही ती मुलं गेली तर खुशाल जाऊ द्यावीत. शिकलेलं, बघितलेलं घेऊन ती फिरून येतील, जशी आधीची आली, आणि नाही आली तरी त्यांचं काम आपलंच असेल. ही सोय करून झाल्यावर ज्याला मातीवर बोलायचं असेल त्यानं बोलावं. पहिल्या रांगेत बसून ऐकायला मी येईन.